गुणांचा आश्रय : अमेरिकी विद्यापीठप्रवेश आणि 'गुणवत्ता' या संज्ञेचे वाचन

१

मराठीत 'गुण' हा शब्द दोन अर्थ एकाच वेळी वाहतो. परीक्षेत मिळतात ते गुण आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुण. 'मुलगी गुणी आहे' आणि 'मुलीला नव्वद टक्के गुण आहेत' या दोन विधानांमधील अंतर भाषेने एका शब्दात बुजवून टाकले आहे. 'गुणवत्ता यादी' ही संज्ञा या बुजवलेल्या अंतरावरच उभी आहे. यादी असते परीक्षेतील गुणांची. ती वाचली जाते गुणवंतांची म्हणून. यादीतील संख्या ही दुसऱ्या कशाची खूण आहे की तीच ती वस्तू आहे, हा प्रश्न रोजच्या व्यवहारात सहसा उद्भवत नाही.

संस्कृत काव्यशास्त्रात तो उद्भवला होता. वामनाने गुणांचा संबंध पदरचनेशी, रीतीशी जोडला. आनंदवर्धनाने आणि त्याच्या मागोमाग मम्मटाने ते रसाचे धर्म मानले. शौर्य जसे आत्म्याचे, तसे ओज किंवा माधुर्य रसाचे. ते वर्णांतून व्यक्त होते, पण वर्ण हा त्याचा आश्रय नव्हे. या विवेचनात मम्मटाने एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. एखाद्या शूर पुरुषाचा देह धिप्पाड असलेला लोक पाहतात आणि पुढे आकारालाच शूर म्हणू लागतात. मग शूर नसलेला, पण आडदांड देहाचा मनुष्यही शूर ठरतो आणि कृश देहाचा शूर पुरुष भित्रा ठरतो. खुणेलाच वस्तू मानण्याची ही चूक केवळ काव्यविचारापुरती मर्यादित नाही.

अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांच्या प्रवेशप्रक्रियेत वंश विचारात घ्यावा की नाही, या प्रश्नावर गेली पन्नास वर्षे चाललेला वाद साधारणतः न्यायशास्त्राचा आणि समाजशास्त्राचा विषय मानला जातो. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न गुणांच्या आश्रयाचा आहे : गुणवत्ता अर्जदारात असते, त्याच्या कागदपत्रांत असते, की ती कागदपत्रे वाचणाऱ्या संस्थेच्या दृष्टीत असते? प्रवेशकार्यालयांतील जे कर्मचारी अर्जांची छाननी करतात त्यांना तेथे 'वाचक' असेच म्हणतात, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. प्रवेश ही एक वाचनक्रिया आहे. वाचनक्रियेची चिकित्सा हा समीक्षेचा अधिकृत प्रांत होय.

२

'मेरिटॉक्रसी' म्हणजे गुणवंतशाही हा शब्द रूढ केला तो मायकेल यंग या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द राइज ऑफ द मेरिटॉक्रसी' या पुस्तकात. हे पुस्तक उपरोधिका आहे. २०३४ साली लिहिला गेलेला एक समाजशास्त्रीय प्रबंध असा त्याचा बहाणा आहे. त्यातील निवेदक नव्या व्यवस्थेचा भक्त आहे. बुद्ध्यंक आणि परिश्रम यांची बेरीज म्हणजे गुणवत्ता, या सूत्रावर रचलेल्या समाजाचे तो कौतुकाने वर्णन करतो. या समाजात वर बसलेल्यांना आपले स्थान न्याय्य वाटते आणि खाली राहिलेल्यांना आपल्या अपयशासाठी दुसऱ्या कोणालाही दोष देता येत नाही. पुस्तकाच्या शेवटी एका तळटीपेतून कळते की, ज्या असंतोषाला निवेदक क्षुल्लक समजत होता, त्यातच तो मारला गेला आहे.

या संहितेचे पुढे जे झाले ते वाचनाच्या इतिहासातील एक विलक्षण प्रकरण आहे. उपरोध गळून पडला आणि शब्द तेवढा उरला. काही दशकांतच इंग्लंड-अमेरिकेतील राजकीय नेते तो शब्द आदर्श म्हणून उच्चारू लागले. २००१ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, यंगने वृत्तपत्रात लेख लिहून या वापराविषयी खेद व्यक्त केला. निवेदकाचा स्वर आणि लेखकाचा स्वर एक मानणे ही चूक साहित्याच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी दाखवून दिली जाते. येथे ती सार्वजनिक जीवनाने केली. प्रवेशवादात 'गुणवत्ता' हा शब्द ज्या निःशंकपणे उच्चारला जातो, त्यामागे या गाळलेल्या उपरोधाचा इतिहास आहे.

३

गुणवत्ता विरुद्ध वंश अशी मांडणी करणारे एक गृहीत धरतात. आधी प्रवेश निव्वळ गुणांवर होत होते आणि नंतर, १९६० च्या दशकात, वंशाचा विचार बाहेरून आत आला, असे ते गृहीत आहे. इतिहास याच्या नेमका उलट आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डमध्ये प्रवेश मुख्यत्वे परीक्षेवर होत असे. त्या मार्गाने पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांची मुले मोठ्या संख्येने येऊ लागली. १९२२ च्या सुमारास नव्या विद्यार्थ्यांत त्यांचे प्रमाण एक पंचमांशाच्या आसपास पोहोचले. विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष लॉवेल यांनी या प्रमाणावर उघड मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला. प्राध्यापकांच्या समितीने तो १९२३ मध्ये नाकारला. तेव्हा वेगळा मार्ग शोधण्यात आला. १९२६ पासून प्रवेशासाठी 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' यांना वजन देण्यात आले. अर्जासोबत छायाचित्र मागवले जाऊ लागले. अर्जाच्या नमुन्यात त्याआधीच काही नवे प्रश्न आले होते : वंश व वर्ण कोणता, धर्म कोणता, आईचे माहेरचे आडनाव काय, वडिलांचा जन्म कोठे झाला आणि स्वतःच्या किंवा वडिलांच्या नावात जन्मानंतर काही बदल केला आहे काय. जेरोम काराबेल या समाजशास्त्रज्ञाने 'द चोझन' (२००५) या ग्रंथात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या तीन विद्यापीठांच्या संदर्भात हा सारा इतिहास अभिलेखांच्या आधारे मांडला आहे.

अर्जाचा हा नमुना एक संहिता म्हणून वाचण्यासारखा आहे. 'ज्यू' हा शब्द न उच्चारता तो ज्यू शोधतो. आणि 'चारित्र्य' म्हणून जे शोधले जाई, त्यात खेळाडूपणा, पुरुषी बांधा, नेतृत्वाची ऐट आणि विशिष्ट निवासी शाळांतील वळण यांचा समावेश होता. आकारालाच शूर म्हणण्याचा मम्मटाने सांगितलेला व्यवहार येथे एका संस्थेच्या नियमावलीत उतरला होता.

त्याच १९२६ साली एसएटी ही परीक्षा प्रथम घेण्यात आली. तिची रचना करणारा कार्ल ब्रिगम हा प्रिन्स्टनचा मानसशास्त्रज्ञ तीन वर्षांपूर्वी वंशांची बौद्धिक प्रतवारी लावणारा ग्रंथ लिहून बसला होता. १९३० मध्ये त्याने स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले. या परीक्षेच्या नावातील मधले अक्षर आरंभी 'अ‍ॅप्टिट्यूड' म्हणजे उपजत क्षमता या शब्दाचे होते. १९९० च्या दशकात ते 'असेसमेंट' या शब्दाचे झाले आणि पुढे, ही अक्षरे कोणत्याच शब्दांची आद्याक्षरे नाहीत, असे परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेच जाहीर केले. परीक्षा राहिली, गुण राहिले. ते कशाचे गुण, हे सांगणारा शब्द मात्र मागे घेण्यात आला. चिन्हमीमांसेच्या अभ्यासकाला इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

या इतिहासातून 'परीक्षा खोटी, चारित्र्य खरे' किंवा 'चारित्र्य खोटे, परीक्षा खरी' असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो एवढाच : संस्थेला जेव्हा जो वर्ग नकोसा झाला, तेव्हा तिने गुणांचा आश्रय हलवला आणि तो हलवल्याचे मान्य केले नाही.

४

'अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन' हा शब्दप्रयोग वंशभेदाच्या संदर्भात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या १९६१ च्या आदेशात आला. मराठीत त्याला 'सकारात्मक कृती' म्हणता येईल. 'आरक्षण' हा त्याचा पर्याय नव्हे, कारण जागा राखून ठेवणे हा त्या धोरणाचा केवळ एक आणि अल्पकाळ टिकलेला प्रकार होता. या धोरणाचे नैतिक अधिष्ठान राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जून १९६५ मध्ये, हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठातील भाषणात, शर्यतीच्या रूपकातून मांडले. वर्षानुवर्षे साखळदंडांनी जखडलेल्या माणसाला सोडवून शर्यतीच्या आरंभरेषेवर आणायचे आणि आता सर्वांशी स्पर्धा कर असे सांगायचे, हा न्याय नव्हे, असा त्या रूपकाचा आशय. रूपक प्रभावी आहे; पण त्यात एक अडचण दडलेली आहे. शर्यत हे रूपक स्वीकारले की शिक्षण ही शर्यतच आहे हेही स्वीकारावे लागते. पुढचा सारा वाद, कोणी किती पावले पुढून धावायचे, या हिशेबात अडकला त्याचे एक कारण या रूपकात शोधता येते.

तरीही जॉन्सन यांच्या मांडणीत साखळदंड होता, म्हणजे इतिहास होता. १९७८ च्या बाकी खटल्यात तो नाहीसा झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयात १०० पैकी १६ जागा अल्पसंख्याक गटांसाठी बाजूला ठेवलेल्या होत्या. दोन वेळा प्रवेश नाकारल्या गेलेल्या अ‍ॅलन बाकी या श्वेतवर्णीय अर्जदाराने त्याविरुद्ध दाद मागितली. सर्वोच्च न्यायालय चार विरुद्ध चार असे दुभंगले आणि न्या. पॉवेल यांचे एकट्याचे मत निर्णायक ठरले. त्यांनी राखीव जागा अवैध ठरवल्या. समाजाने केलेल्या अन्यायाची भरपाई हे कारण त्यांना फार धूसर वाटले. विद्यापीठाने पुढे केलेल्या चार उद्दिष्टांपैकी त्यांनी एकच स्वीकारले : विद्यार्थीवर्गातील वैविध्य. वंश हा अनेक घटकांपैकी एक घटक म्हणून अर्जदाराच्या पारड्यात पडू शकतो, असे सांगून त्यांनी हार्वर्डच्या प्रवेशयोजनेचा आदर्श म्हणून दाखला दिला. त्या योजनेत आयडाहोमधील शेतकऱ्याच्या मुलाचे उदाहरण आहे. बॉस्टनचा मुलगा देऊ शकणार नाही असे काही तो विद्यापीठाला देऊ शकतो, असे तेथे म्हटले आहे आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचेही तसेच.

हे सादृश्य बारकाईने पाहिले पाहिजे. शेतकऱ्याचा मुलगा आणि गुलामांचा वंशज यांना एका रांगेत बसवणारा समान धर्म कोणता? दोघेही वर्गातील इतरांना काही नवे देतात, हा. म्हणजे विद्यार्थ्याचे मूल्य त्याच्यावर झालेल्या अन्यायातून किंवा त्याच्या हक्कातून येत नाही. ते इतरांना होणाऱ्या लाभातून येते. आस्वादकाला विविध रसांचा प्रत्यय यावा म्हणून कवितासंग्रहात निरनिराळ्या प्रकारच्या कविता असाव्यात, तशी ही भूमिका आहे. ती धोरणाला पंचवीस वर्षे तारून गेली. २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठासंबंधीच्या दोन निकालांत न्यायालयाने तीच ग्राह्य धरली. १५० गुणांच्या मापात अल्पसंख्याकांना सरसकट २० गुण देणारी पदवीस्तरीय पद्धत रद्द झाली. अर्जदाराचा समग्र विचार करणारी विधी महाविद्यालयाची पद्धत मात्र टिकली. त्या निकालात न्या. ओकॉनर यांनी आणखी पंचवीस वर्षांनी अशा धोरणाची गरज उरणार नाही अशी अपेक्षा व्यक्त केली. पण ज्या धोरणाचे कारण वैविध्य आहे त्याला मुदत कशी असेल? मुदत भरपाईला असते, ऋणाला असते. ओकॉनर यांच्या वाक्यात पॉवेल यांनी पुसलेला इतिहास अनवधानाने परत येतो. संहिता जे दडपते तेच तिच्या एखाद्या सांध्यातून डोकावते, याचे हे उत्तम उदाहरण म्हणावे लागेल.

भारतीय वाचकाला येथे एक भेद जाणवेल. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम १५(४) मध्ये सामाजिक आणि शैक्षणिक मागासलेपणा हे कारण नाव घेऊन लिहिलेले आहे. येथील वाद त्या कारणाच्या व्याप्तीविषयी होतात. अमेरिकेत कारणच उच्चारायचे नाही, अशी वेळ धोरणाच्या समर्थकांवर आली.

५

२९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि उत्तर कॅरोलिना विद्यापीठ यांच्याविरुद्धच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने वंशाधारित विचाराची ही परंपरा खंडित केली. या निकालपत्रांत दोन प्रकारचे गद्य समोरासमोर येते. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचे गद्य अमूर्ताचे आहे : वंशभेद संपवायचा म्हणजे तो सर्वत्र आणि संपूर्ण संपवायचा. त्यात व्यक्ती आहे, पण तिला पूर्वज नाहीत. न्या. केटान्जी ब्राऊन जॅक्सन यांचे भिन्नमत एका कथेचा आधार घेते. जॉन आणि जेम्स हे दोन कल्पित अर्जदार उत्तर कॅरोलिना विद्यापीठात प्रवेश मागत आहेत. दोघांचीही कुळे १७८९ पासून, म्हणजे विद्यापीठाच्या स्थापनावर्षापासून, त्याच राज्यात आहेत. जॉन गोरा आहे. त्याला प्रवेश मिळाला तर या विद्यापीठाची पदवी घेणारी ती सातवी पिढी असेल. जेम्स कृष्णवर्णीय आहे, त्याची पहिली. मधल्या सहा पिढ्यांत काय घडले ते सांगितल्याशिवाय या दोन अर्जांची तुलना करता येईल काय, असा या कथेचा प्रश्न आहे.

न्या. थॉमस यांनी स्वतंत्र मतपत्रात जॅक्सन यांना दीर्घ उत्तर दिले. माणसाला त्याच्या वंशाच्या कथेत कोंडणे हाही अन्यायच आहे, हे त्यांचे म्हणणे. ते सहज झटकून टाकण्यासारखे नाही. थॉमस स्वतः कृष्णवर्णीय आहेत आणि येलच्या विधी महाविद्यालयाचे पदवीधर आहेत. 'माय ग्रँडफादर्स सन' (२००७) या आत्मचरित्रात त्यांनी लिहिले आहे की, ही पदवी वंशाच्या सवलतीने मिळाली असेच जग समजणार हे लक्षात आल्यावर त्यांनी तिच्या चौकटीवर सिगारच्या वेष्टनावरील पंधरा सेंटची किंमतपट्टी चिकटवली. त्याच न्यायालयातील न्या. सोटोमायोर यांनीही येलमध्येच कायद्याचे शिक्षण घेतले. 'माय बिलव्हेड वर्ल्ड' (२०१३) या आत्मचरित्रात त्यांनी त्याच धोरणाकडे दार उघडणारी गोष्ट म्हणून पाहिले आहे. प्रिन्स्टनमध्ये पहिल्या वर्षी आपले इंग्रजी लेखन कच्चे आहे हे ध्यानात आल्यावर त्यांनी व्याकरणाचा आणि शब्दसंपत्तीचा स्वतंत्र अभ्यास केला. पुढे तेथून त्या सर्वोच्च सन्मानांसह पदवी घेऊन बाहेर पडल्या.

ही दोन आत्मचरित्रे शेजारी ठेवली म्हणजे आश्रयाचा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. थॉमस यांच्या दृष्टीने गुण व्यक्तीत पूर्णपणे सिद्ध होता आणि धोरणाने त्यावर संशयाची सावली पाडली. सोटोमायोर यांच्या दृष्टीने गुण संधी मिळाल्यानंतर सिद्ध झाला. प्रवेशाच्या क्षणी तो बीजरूपाने होता आणि तो वाचायला वाचकाकडे औदार्य असावे लागले. पंधरा सेंटच्या पट्टीमागची वेदना खरी आहे. पण ती पट्टी चिकटवायला लावणारी नजर धोरणाची होती की समाजाची, हे थॉमस यांचे निवेदन ठरवत नाही. सात पिढ्यांच्या पुण्याईवर प्रवेश मिळवणाऱ्या जॉनच्या पदवीवर कोणी अशी पट्टी का चिकटवत नाही, याचे उत्तर त्यात सापडत नाही.

६

या 'पुण्याई'ला तेथील भाषेत 'लेगसी' म्हणतात. हार्वर्ड खटल्यात उघड झालेल्या माहितीवर आधारित एका अभ्यासात, वादीपक्षाचे तज्ज्ञ असलेले अर्थशास्त्रज्ञ आर्सिडियाकोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले की, प्रवेश मिळालेल्या श्वेतवर्णीय विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक विद्यार्थी खेळाडू म्हणून निवडलेले, माजी विद्यार्थ्यांची अपत्ये, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची अपत्ये किंवा अधिष्ठात्याच्या विशेष यादीतील होते. अन्य वंशगटांत हे प्रमाण १६ टक्क्यांपेक्षा कमी होते. चेटी, डेमिंग आणि फ्रीडमन यांच्या २०२३ च्या अभ्यासानुसार, परीक्षेतील गुण सारखे असतानाही, सर्वाधिक श्रीमंत एक टक्का कुटुंबांतील मुले अशा विद्यापीठांत जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक आहे. या सवलतींना कोणी 'गुणवत्तेशी तडजोड' म्हणत नाही, कारण त्यांची भाषा परंपरेची, निष्ठेची आणि खिलाडूपणाची आहे.

मात्र सकारात्मक कृतीच्या समर्थकांनी येथेच थांबणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आशियाई वंशाच्या अर्जदारांची तक्रार या वादातील सर्वांत अवघड बाब आहे. हार्वर्ड प्रत्येक अर्जदाराला अभ्यास, अन्य उपक्रम, खेळ आणि 'व्यक्तिगत गुण' अशा सदरांखाली श्रेणी देत असे. आशियाई अमेरिकी अर्जदारांची सरासरी श्रेणी अभ्यासात वरची आणि व्यक्तिगत गुणांत खालची होती. जिल्हा न्यायालयाने २०१९ मध्ये हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध होत नाही असे ठरवले. श्रेणीतील तफावत मात्र नोंदीत राहिली. ही श्रेणी देणाऱ्यांनी बहुतेक अर्जदारांना पाहिलेले नव्हते. शिफारसपत्रे, निबंध आणि मुलाखतींचे अहवाल वाचून आपुलकी, धैर्य, प्रसन्नता यांचे मोजमाप होत होते. १९२६ मध्ये ज्यू मुलांना दूर ठेवण्यासाठी घडवलेले साधन नंतर सदिच्छेने वापरले गेले, पण त्याची जुनी सवय गेली नव्हती, अशी शंका येथे रास्तच म्हटली पाहिजे. ज्या वाचनपद्धतीने कृष्णवर्णीय मुलाला औदार्याने वाचले, तिनेच व्हिएतनामी दुकानदाराच्या मुलीला 'अभ्यासू, पण ठळक व्यक्तिमत्त्व नाही' असे वाचले असेल, तर त्या औदार्याची किंमत कोणी दिली हे विचारावे लागते.

त्यातही 'आशियाई' हा रकाना स्वतःच एक ओबडधोबड संज्ञा आहे. महाराष्ट्रातून पदव्युत्तर शिक्षणासाठी जाऊन तेथे स्थिरावलेल्या अभियंत्याचे अपत्य आणि कंबोडियातून निर्वासित म्हणून आलेल्या कुटुंबाचे अपत्य यात एकत्र येतात. न्या. गॉर्सच यांनी आपल्या सहमतीच्या मतपत्रात या वर्गीकरणांच्या विसंगतीवर बोट ठेवले आहे आणि ते योग्यच आहे. पहिल्या अपत्याच्या घरी दोन-तीन पिढ्यांचे, बहुधा जातीनेही राखलेले, शैक्षणिक भांडवल असते. समुद्र ओलांडताना ते भांडवल सोबत जाते. त्याचा इतिहास तेवढा मागे राहतो आणि तेथे तो निव्वळ 'गुण' म्हणून दिसतो.

निवडीची अपरिहार्यताही नाकारता येत नाही. खटल्यातील नोंदीप्रमाणे २०१९ मध्ये पदवी घेणार असलेल्या वर्गासाठी हार्वर्डकडे सुमारे २६,००० देशांतर्गत अर्ज आले. त्यांपैकी ८,००० हून अधिक अर्जदारांची शालेय गुणसरासरी पूर्ण होती. वर्ग सुमारे १,६०० विद्यार्थ्यांचा. संख्या संपते तेथून वाचन सुरू होते. गुणवत्ता ही केवळ भ्रांती आहे, असे म्हणून संहितावादी समीक्षक मोकळा होऊ शकतो. प्रवेशाधिकारी होऊ शकत नाही.

७

२०२३ च्या निकालाच्या अखेरीस रॉबर्ट्स यांनी एक खिडकी उघडी ठेवली. वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने लिहिले, तर विद्यापीठ ते विचारात घेऊ शकेल. मात्र ते त्याच्या धैर्याशी, निर्धाराशी किंवा विशिष्ट क्षमतेशी निगडित असले पाहिजे. निबंधाच्या आडून वंशाचा विचार पुन्हा आणता येणार नाही, असेही त्यांनी बजावले. त्याच वर्षी हार्वर्डने अर्जात प्रत्येकी २०० शब्दांचे पाच लघुनिबंध अनिवार्य केले. जीवनानुभवाने अर्जदार कसा घडला आणि त्यातून तो विद्यापीठाला काय देऊ शकेल, या आशयाचा प्रश्न त्यांत अग्रभागी होता.

अशा रीतीने गुणांचा आश्रय पुन्हा हलला आणि या वेळी तो थेट एका वाङ्मयप्रकारात आला. सतरा वर्षांच्या मुलाने त्या वर्षी दोनशे शब्दांत आत्मचरित्र लिहायचे होते. इतिहास रकान्यातून नाहीसा झाला आहे. तो आता व्यक्तिगत जखम म्हणूनच सांगता येतो. जखम सांगायची, पण तिने माणूस मोडला असे दिसता कामा नये. प्रत्येक अपमानाचे रूपांतर निर्धारात झालेले असले पाहिजे. ज्याच्यावर अन्याय झाला पण त्यातून ज्याला काही 'शिकता' आले नाही, त्याच्या अनुभवाला येथे स्थान नाही. शिवाय ज्याच्याकडे निबंध तपासून देणारा सल्लागार आहे त्याची जखम अधिक सुबक लिहिली जाणार, हे उघड आहे.

मराठी समीक्षेला ही परिस्थिती सर्वस्वी अपरिचित नाही. कृष्णवर्णीयांच्या मुक्तीशी मराठी विचाराचे नाते जुने आहे. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील लोकांना अर्पण केली. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. बाकी खटल्याचा निकाल लागला त्याच १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या दोन दशकांत दलित आत्मकथनांच्या वाचनाने मराठी समीक्षेपुढे असाच पेच उभा केला. या लेखनाला 'कलात्मक मूल्य' आहे काय, असे विचारणाऱ्यांनी आपले मूल्य सार्वकालिक मानले आणि ते कोणी, कोठे घडवले हे विचारले नाही. उलट बाजूने, या लेखनाकडे केवळ दाहक अनुभवाचा दस्तऐवज म्हणून पाहणाऱ्यांनी लेखकाला कायमचे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथामागे या दोन्ही वाचनांविषयीची अस्वस्थता आहे.

पण येथे एक मूलगामी भेदही आहे. दलित आत्मकथनकार कोणाच्या परवानगीसाठी लिहीत नव्हता. त्याच्या निवेदनात लज्जा होती, संताप होता, स्वतःच्या माणसांविषयीची तक्रार होती, न सुटलेल्या गाठी होत्या. वाचक त्याला नाकारू शकत होता. परंतु त्याचे आयुष्य त्या नकारावर अवलंबून नव्हते. प्रवेशनिबंध लिहिणाऱ्याचे काही अंशी असते. म्हणून त्याच्या निबंधात गाठी सुटलेल्याच असाव्या लागतात. आत्मकथन जेव्हा अर्जाचा भाग बनते तेव्हा त्यातील 'आत्म' वाचकाच्या अपेक्षेप्रमाणे बेतला जातो, आणि तरीही तो प्रामाणिक आहे की नाही याची जबाबदारी लिहिणाऱ्यावरच टाकली जाते.

८

निकालानंतरच्या वर्षी, २०२४ मध्ये, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील नव्या वर्गात कृष्णवर्णीयांचे प्रमाण आधीच्या सुमारे १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. हार्वर्डमध्ये ते १८ वरून १४ टक्क्यांवर आले. येल आणि प्रिन्स्टनमध्ये फारसा बदल झाला नाही. कायदा एकच असताना परिणाम इतके भिन्न झाले, याचा अर्थ निर्णायक ठरते ती वाचनपद्धती. नियम वाचनाला सीमा घालू शकतो. वाचकाला निर्विकार करू शकत नाही.

यातून समर्थकांनी घ्यावयाचा बोध कटू आहे. १९७८ मध्ये त्यांनी न्यायाचे कारण सोडून वैविध्याचे कारण पत्करले. ते सोयीचे होते, कारण त्यात कोणालाही ऋणको ठरवावे लागत नव्हते. पंचेचाळीस वर्षांनी ते कारण मोजता येत नाही, म्हणून न्यायालयाने फेटाळले आणि तोपर्यंत मूळ कारण बोलण्याची सवयच मोडली होती. जॅक्सन यांना सहा पिढ्यांचा इतिहास कथेच्या रूपाने परत आणावा लागला तो म्हणूनच. विरोधकांनी घ्यावयाचा बोधही सोपा नाही. वंश वगळल्यावर जे उरते ते शुद्ध गुण असते, असा त्यांचा विश्वास आहे. जे उरते त्यात शाळेचा पत्ता असतो, आईवडिलांची पदवी असते, नौकानयनासारखे खेळ असतात आणि सल्लागाराने तपासलेला निबंध असतो.

मम्मटाने आकारालाच शूर समजणाऱ्या लोकांची चूक दाखवली, परंतु शौर्य नसतेच असे तो म्हणाला नाही. गुण असतात. शल्यविशारदाच्या हाताला, कवीच्या कानाला, गणितज्ञाच्या दृष्टीला ते असतात आणि समाजाला त्यांची गरज असते. आकार पाहून शौर्य ठरवणाऱ्याने आपण आकार पाहत आहोत एवढे तरी कबूल करावे, इतकीच अपेक्षा आहे. हार्वर्डच्या १९२२ च्या अर्जात वडिलांचे बदललेले नाव विचारले होते. शंभर वर्षांनंतरच्या अर्जात अनुभवाने अर्जदार कसा घडला हे विचारले आहे. दोन्ही प्रश्नांना अर्जदाराने उत्तर द्यायचे आहे. विचारणाऱ्याने ते का विचारले, याचे उत्तर देण्यासाठी त्या अर्जात अजूनही जागा ठेवलेली नाही.